मास्तरांचा पाय

शाळेसाठी ट्रक घ्यायच्या भानगडीनंतर या घरात पुन्हा सभा भरवायची नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पण मास्तरांच्या डोळ्याने घोळ घातला. मोतीबिंदू काढला, डोळ्यावर पट्टी आली आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडीकडे बघायचंही नाही असं बजावलं. मास्तर बघायचे थांबले नाहीत, एका डोळ्याने बघायला लागले, एवढंच. पण ड्रायव्हिंग स्कूल काही एका डोळ्यावर चालत नाही. तेव्हा मास्तरांची सीट कुणाला द्यायची हे रविवारी दुपारी एकदाचं ठरणार होतं.

मास्तरांची सीट म्हणजे काय, हे या घरात जन्मलेल्या पोराला अआइई आधी कळतं. शाळेच्या गाडीत शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर बसतो आणि शेजारी मास्तर. मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकाऊ चुकला की मास्तर दाबतात. अख्खं गाव त्या पायाखालून गेलं होतं, नगराध्यक्षांपासून दूधवाल्यापर्यंत. आता त्या पायाचा वारस शोधायचा होता.

सभा तळमजल्यावरच्या वर्गात भरली. भिंतींवर रस्त्याच्या खुणांचे फलक, समोर बाक, आणि मध्ये टेबलावर रंगवलेला चौक: पांढरे पट्टे, सिग्नल, खेळण्यातल्या गाड्या. घरातलं मतदान याच चौकात व्हायचं. प्रत्येकाची एक गाडी. ज्याला मत द्यायचं त्याच्या गाडीमागे आपली लावायची. आवाज वाढला की धाकट्याची आठ वर्षांची मुलगी मागच्या बाकावरून "पोंऽऽ" असं ओरडायची आणि सगळे गप्प व्हायचे. तिचा आवाजच तसा. म्हणून तिचं नाव भोंगा. खरं नाव शाळेच्या हजेरीत तेवढं उरलं होतं.

"सुरुवात करतो," थोरला म्हणाला. जिन्यावरून घसरून त्याचा उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला होता आणि तो पाय त्याने समोरच्या बाकावर मांडून ठेवला होता. "बाबांनी चाळीस वर्षं शाळा चालवली. उपकार आहेत. आता या डबल ब्रेकच्या गाड्या फुंकून टाकू आणि बिनगिअरच्या घेऊ."

"फुंकून टाकू?" मास्तरांचा उघडा डोळा मोठा झाला. "अरे, मग मास्तरने करायचं काय? शेजारी बसून गाणी म्हणायची?"

"बाबा, मुद्दा तो नाही," आत्या मध्ये पडली. आत्या म्हणजे शेंडेफळ, लग्नानंतर चार गल्ल्यांवर राहायला गेलेली, पण मनाने याच वर्गात. खुणा आणि नियम ती शिकवायची. तिच्यासमोर कुणी झेब्रा पट्ट्यावर पाय ठेवायलाही घाबरायचं. "मी म्हणते, निम्मी शाळा मोबाईलवर घेऊ. दादा, तू मला पाठिंबा दे, मी तुझ्या बिनगिअरला देते."

"झालं! आधीच ठरलं वाटतं तुमचं," मास्तर म्हणाले.

ठरलंच होतं. काल संध्याकाळी फोनवर ठरलं होतं. फक्त हिशोब जुळत नव्हता, कारण धाकटा चार दिवसांसाठी ट्रकचे शिकाऊ घेऊन परगावी गेला होता आणि जाताना "ती म्हणेल तेच माझं" असं सांगून मोकळा झाला होता. म्हणजे धाकट्या सुनेच्या हातात दोन गाड्या. दुपारपासून तिला दोघंही इतक्या गोड आवाजात हाका मारत होते की तिला शंका आली होती, आपण आजारी आहोत की काय.

"वहिनी, चहा मी टाकू का गं?" आत्या म्हणाली. सुनेच्या लग्नाला दहा वर्षं झाली, आत्याने या घरात चहा टाकल्याचा पुरावा नव्हता.

"नको वन्सं, बसा," सून म्हणाली. तिच्या मनात वेगळंच होतं. तिला ना बिनगिअर हवं होतं, ना मोबाईल. तिला लायसन्स हवं होतं. या शाळेचा नियम होता की मास्तर 'तयार' म्हटल्याशिवाय परीक्षेला पाठवायचं नाही. सगळ्या गावाला महिनाभरात तयार म्हणणारे मास्तर सुनेला वर्षानुवर्षं म्हणत नव्हते. तिचं शिकाऊ लायसन्स तीनदा नव्याने काढून झालं होतं. दर वेळी इस्पितळाजवळच्या चढावर गाडी बंद पडायची. मास्तर म्हणायचे, सूनबाई, घाई करता. सून म्हणायची, बाबा, तुम्ही ब्रेक दाबलात. मास्तर म्हणायचे, मी? छे! सासऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून ती घरी येऊन पोळ्या जरा जोरात लाटायची.

तिने आपली एक गाडी चौकाच्या कडेला नेली. थोरला आणि आत्या दोघंही मान पुढे काढून बघायला लागले. "मी मत देते," ती म्हणाली, "पण आधी बाबांनी मला..."

"पोंऽऽ" यायला हवं होतं. कारण तेवढ्यात थोरला आणि मास्तर एकाच वेळी ओरडायला लागले होते. पण मागून आवाज आला नाही. सुनेने वळून पाहिलं. भोंगा बाकावर आडवी झाली होती. समोर बिस्किटांची बशी होती. भरलेली.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण या पोरीला वर्षभर रोज स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. लघवीतून प्रोटीन जात होतं, अंगावर सूज यायची, त्यासाठी. गोळ्यांनी ती सूज उतरली, पण गाल टम्म फुगले आणि भूक अशी खवळली की पोरगी सकाळी उठून पहिला प्रश्न विचारायची, दुपारी काय आहे? अशा मुलीने क्रीमची बिस्किटं बशीत ठेवली होती.

"भोंगा? बिस्किट नको?"

"नको," भोंगा म्हणाली. आवाज टाचणीएवढा बारीक. कपाळाला हात लावला तर गार घाम. डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. सुनेने वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"हिला काय झालं? दुपारी जेवली ना? उलटी वगैरे झाली का?"

मग थोरल्याने प्लास्टरवरची नसलेली धूळ झटकली. "दोनदा झाली. तीनदाही असेल. मला वाटलं, माझ्या कपाटातला बिस्किटांचा पुडा तिने खाल्ला असेल. सांगितलं असतं तर पुडा कुणाचा हे निघालं असतं."

"दादा! तुला साखर बंद आहे!" आत्या किंचाळली.

"म्हणूनच ना नाही बोललो!"

सुनेला दोघांचंही ऐकू येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलेलं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. अंगाला ताप आला, उलट्या झाल्या, काही संकट आलं की त्या आपलं औषध रक्तात सोडून शरीराला सावरतात. पण बाहेरून रोज तेच औषध मिळालं की त्या झोपी जातात. म्हणून गोळी कधीच एकदम बंद करायची नाही. आजारी पडली तर गोळी वाढवायची. आणि उलट्या होऊन पोर मलूल झाली तर वाट बघायची नाही, इंजेक्शनसाठी थेट इस्पितळ गाठायचं.

"बाबा, सकाळची गोळी दिलीत ना?" तिने विचारलं. डोळ्याच्या ऑपरेशनपासून मास्तर रिकामे होते, म्हणून सकाळचं दूध आणि गोळी त्यांच्याकडे दिली होती.

"दिली की," मास्तर म्हणाले आणि पट्टी नीट करायला लागले. पट्टी नीटच होती.

आत्याने इस्पितळाला फोन लावला. त्यांची रुग्णवाहिका बाहेर गेली होती, यायला अर्धा तास. इस्पितळ होतं दहा मिनिटांवर.

"मग आपलीच गाडी काढू. चावी कुठाय?" थोरला म्हणाला आणि उठायला गेला. प्लास्टरने त्याला जागेवर बसवलं. मास्तर एका डोळ्याने उभे राहिले. त्यांनाही खाली बसवलं. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

आत्याचा चेहरा लाल सिग्नलसारखा झाला. "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"गाडी. कधीच आली नाही. लायसन्स काढलं त्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी फक्त खुणा विचारल्या आणि खूश होऊन सोडलं. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आता ओरडा मला, पण नंतर!"

ओरडायला वेळच नव्हता. सुनेने चावी उचलली. "मी चालवते. शिकाऊ लायसन्स आहे, पुढेमागे 'एल'ची लाल पाटी आहे. फक्त शेजारी मास्तर लागतात. चला बाबा."

पाच माणसं गाडीत कशी बसली हे विचारू नका. आत्या मागे, तिच्या मांडीवर भोंगा. थोरल्याला "तुम्ही राहा" म्हटलं तर तो म्हणाला, "माझ्या पुड्यामुळे झालंय सगळं," आणि रडायलाच लागला. म्हणून त्यालाही घेतलं. त्याचा प्लास्टरचा पाय दोन सीटांच्या मधून पुढे आला आणि गिअरच्या शेजारी येऊन थांबला.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि चारी बाजूंनी शाळा सुरू झाली.

"आरसा बघ!" थोरला.

"पुढे शाळा आहे, वेग कमी!" आत्या.

"आज रविवार आहे वन्सं!"

"खूण रविवारी उतरवत नाहीत!"

"सूनबाई, दुसरा टाका, दुसरा," मास्तर म्हणाले.

"दादा, पाय! मला गिअर सापडत नाहीये!"

"तो माझा अंगठा आहे!" थोरला ओरडला.

बाजाराचा रस्ता कसाबसा सरला. एक हातगाडी, दोन सायकली आणि एक गाय, सगळ्यांना लाल पाटी लांबूनच दिसली आणि सगळ्यांनी शहाण्यासारखी वाट दिली. भोंगा गप्प होती. एरवी या पोरीने हॉर्न वाजवू दिला नसता, स्वतःच वाजली असती. आत्या तिचे गाल थोपटत होती. "भोंगा, ही खूण कसली सांग बरं? सांग ना गं." भोंगाने ओठ हलवले, पण आवाज आला नाही. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या खुणेकडे पाहिलं नाही.

आणि मग आला तो चढ. वरच्या टोकाला सिग्नल, सिग्नलच्या पलीकडे इस्पितळ. दिवा लाल होता. सून थांबली. हिरवा झाला. तिने क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली, पुढे सरकली आणि धप्पकन बंद पडली.

पुन्हा चालू. पुन्हा अर्धा क्लच. पुन्हा धप्प. मागून हॉर्नवर हॉर्न.

"घाई करताय, सूनबाई," मास्तर म्हणाले, सवयीने.

सुनेने मान वळवून खाली पाहिलं. मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या ब्रेकवर होता. गच्च.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा पाय."

मास्तरांनी खाली पाहिलं. आपला पाय त्यांना आज पहिल्यांदाच दिसला. दोन्ही डोळ्यांनी कधी दिसला नव्हता. त्यांनी तो काढला आणि ते एकदम लहान झाल्यासारखे दिसले.

"आणखी एक सांगायचंय," ते म्हणाले. "गोळी दिली नाही. गुरुवारपासून नाही दिली."

आत्याने भोंगाला छातीशी घट्ट धरलं.

"पेपरमिंट देत होतो. घाबरलेल्या शिकाऊंसाठी ठेवतो ना, ती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाहेरून औषध मिळतं म्हणून ग्रंथी झोपल्यात. मला वाटलं, हे तर आपल्या शाळेचंच आहे. मास्तर ब्रेक सोडत नाही तोवर शिकाऊ शिकतो कधी? वर्गात पोरं तिला फुगा म्हणतात. रडत होती माझ्याकडे. म्हटलं, आपण पाय काढून बघू, पोर आपली आपण चालेल. मी तिला मारलं गं सूनबाई. मी मारलं."

सुनेच्या जिभेवर इतकं काही आलं की त्यातलं एक वाक्य जरी बाहेर पडलं असतं तर या घराच्या पुढच्या दोन पिढ्या एकमेकांशी बोलल्या नसत्या. तिने ते गिळलं. दिवा पुन्हा लाल झाला होता.

"मेलेली नाहीये ती," ती म्हणाली. "जिथे पाय ठेवायचा तिथे काढलात आणि जिथे काढायचा तिथे दहा वर्षं ठेवलात. आता दोन्ही पाय वर घ्या. सीटवर. मांडी घाला."

"गाडीत मांडी?"

"बाबा, मांडी घाला!" मागून थोरला आणि आत्या एका सुरात ओरडले. दुपारपासून त्यांचं पहिल्यांदाच काहीतरी न ठरवता जुळलं होतं.

सत्तरीच्या मास्तरांनी गाडीच्या सीटवर मांडी घातली. गुडघे डॅशबोर्डला टेकले. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचेच अंगठे धरून ठेवले, पळून जातील म्हणून. दिवा हिरवा झाला. सुनेने क्लच सोडला, जरा, आणखी जरा. गाडी थरथरली, थांबली नाही, आणि मऊसूत चढून गेली. कुणीही काही सूचना केली नाही. इस्पितळाच्या दारात तिने गाडी जिथे उभी केली तिथे वर 'वाहने उभी करू नयेत' असा हातभर फलक होता. आत्याने तो वाचला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

पुढचं सगळं सुनेनेच सांगितलं, धापा टाकत पण न चुकता. वर्षभर स्टिरॉइड. गुरुवारपासून बंद. आज तीन उलट्या. हे ऐकल्यावर तिथल्या लोकांनी आणखी काही विचारत वेळ घालवला नाही. भोंगाला आत नेलं, इंजेक्शन दिलं, हाताला साखरमिठाच्या पाण्याची सलाईन लावली. बाहेरच्या बाकावर चौघं ओळीने बसले. मास्तर अजून मांडी घालूनच बसले होते. त्यांना कुणी सोडा म्हटलं नव्हतं.

"सीट कुणाला द्यायची ते राहिलंच," थोरला म्हणाला.

"खड्ड्यात गेली सीट," आत्या म्हणाली. "वहिनी, मला शिकवशील?"

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "शुद्धीवर आहे. ब्लडप्रेशर सावरलंय. जेवायला काय आहे म्हणून विचारतेय."

सुनेला त्या क्षणी पहिल्यांदा रडू आलं. इतका वेळ ती गाडीच चालवत होती.

मग डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना समोर घेतलं आणि असं झापलं की शेजारच्या वॉर्डातले लोकही सरळ होऊन बसले. उशीर झाला असता तर काय झालं असतं, तेही लपवलं नाही. मास्तर खालमानेने ऐकत होते. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं लोकांना झापलं होतं, पण आपल्यावर वेळ आल्यावर माणसाने मान कुठे ठेवायची हे त्यांना माहीत नव्हतं.

"एक विचारू का, बाई?" शेवटी ते म्हणाले. "मग ग्रंथींवरचा पाय कधी काढायचाच नाही? त्या ग्रंथी अशाच झोपून राहणार?"

"काढायचा ना. पण मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन तेवढाच. गोळी थोडी कमी करायची, थांबायचं, तपासायचं, मग आणखी थोडी कमी. त्यांना जागं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही. गालही उतरतील तोवर. पण एकदम नाही."

"अर्धा क्लच," मास्तर पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही, बाई. कळलं."

पुढच्या रविवारी भोंगाला घरी सोडलं. गोळीची जबाबदारी आता धाकट्याने आल्या आल्या आपल्याकडे घेतली होती आणि पेपरमिंटची बरणी थोरल्याने रिकामी केली होती, कशी ते त्याला विचारायचं नाही असं ठरलं होतं. घ्यायला जाताना मास्तर फाटकाशी उभे राहिले. सुनेने शेजारचं दार उघडलं.

"नको," मास्तर म्हणाले. "तिथे तुझा नवरा बसेल. सूनबाई, तू तयार आहेस. तशी कधीचीच होतीस. सोमवारी परीक्षेला जा."

एवढं बोलून ते पटकन मागे जाऊन बसले. सुनेने फक्त आरसा नीट केला, त्यात मास्तर दिसेपर्यंत.

येताना भोंगा आजोबांच्या शेजारी बसली होती, गाल अजून टम्म, हातात पाव, आवाज पहिल्यासारखा. सिग्नलपाशी तिने तीनदा "पोंऽऽ" केलं आणि एक गाय बाजूला झाली. मग उताराला लागल्यावर ती अचानक खाली वाकून बघायला लागली. मागच्या सीटपाशी ना क्लच असतो ना ब्रेक. तरी मास्तरांचा उजवा पाय गाडीचा पत्रा दाबत होता, जीव खाऊन.

मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी ओशाळून पाय ओढून घेतला.

"एकदम नका ना काढू, आजोबा," भोंगा त्यांच्या कानाशी म्हणाली आणि त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून पुन्हा पत्र्यावर ठेवला. "आजारी पडाल. आज थोडासाच दाबा. उद्या आणखी कमी."